पाण्याखालचे शेत

आमचे वडील वाइन तयार करत आणि त्यांनी ती आयुष्यात कधी गिळली नाही. तोंडात घ्यायची, घोळवायची, डोळे मिटून नाकाने श्वास सोडायचा आणि स्टीलच्या तांब्यात थुंकायची. घर लिंगायतांचे. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती आणि दारूचे नावही वर्ज्य. लग्नकार्यात पंगत बसली की कोणीतरी भावकीतला म्हातारा मुद्दाम मोठ्याने विचारी, ‘‘काय शिवप्पा, यंदा किती गाळली?’’ वडील भाकरी मोडता मोडता शांतपणे सांगत, ‘‘गाळत नाही काका. आंबवतो.’’ पंगत हसे. आई वाढायला त्या ओळीकडे फिरकत नसे.

आम्ही वडिलांना अप्पा म्हणत असू आणि आईला अव्वा. सोलापुरात ज्या गल्लीत आम्ही राहत होतो तिथे पहाटेपासून यंत्रमागांची खटखट सुरू होई. ती इतकी सवयीची होती की वीज गेली आणि माग थांबले की आम्हाला जाग येई. अव्वाला मात्र जाग यायची ती नळाच्या सूं आवाजाने. पाणी रोज येत नसे, आणि येई तेव्हा वेळ सांगून येत नसे. ती उठून पिंपे, हंडे, कळशा, शेवटी पातेली आणि तांबेसुद्धा भरून ठेवी. मग अंघोळ, मग लिंगपूजा. डाव्या तळहातावर लिंग ठेवून ती बसली की घरात कोणी तिला हाक मारायची नाही. पूजा संपली की चूल पेटे आणि कडक भाकऱ्या सुरू होत. तव्यावरून काढून चुलीच्या कडेला टेकवून वाळवलेल्या, पापडासारख्या मोडणाऱ्या ज्वारीच्या भाकऱ्या, शेंगाची चटणी आणि घट्ट दही. सणाला हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर. अजूनही मी बाहेरगावी गेले की हेच बरोबर नेते. कडक भाकरी आठवडाभर टिकते. वर्तमानपत्राच्या कामात ते उपयोगी पडले.

अप्पा तरुणपणी मुंबईत औषधांच्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ होते. तिथल्या एका पारशी साहेबाने त्यांना रविवारी समुद्रावर नेऊन शिडाची बोट चालवायला शिकवली. वाइनचे वेड त्यांना पुढे लागले, बेदाण्याचा धंदा करताना. पण बोट आधीची होती, आणि मला वाटते तिचे वेड जास्त खोल होते. नोकरी सोडून ते सोलापूरला परतले, त्यानंतर काही वर्षांनी त्यांनी एक जुनी शिडाची बोट उसाच्या ट्रकमधून आणली. डोलकाठी ट्रकच्या मागे बाहेर आलेली आणि तिला लाल फडके बांधलेले. एक रात्र ती आमच्या गल्लीत राहिली. सकाळी नळाला पाणी नव्हते. रिकाम्या घागरी घेऊन बायका टँकरची वाट बघत बोटीभोवती उभ्या होत्या. शेजारच्या तेलुगू पद्मशाली घरातल्या आजींनी बोटीला हात लावून बघितला आणि अव्वाला विचारले, ‘‘ही पाण्यावर चालती म्हणं. मग पाणीबी संगं आणलंय का?’’ अव्वा हसली नाही. तिने बोटीकडे बघितलेही नाही. तिला ती कुठे जाणार हे माहीत होते.

अव्वाचे माहेर टेंभुर्णीच्या पुढे, भीमेच्या काठी होते. होते असेच म्हणावे लागते. तिचे लग्न झाले आणि काही वर्षांत उजनी धरणाचे पाणी चढले. गाव खाली गेले. माणसे उठून वेगवेगळ्या ठिकाणी वसली. मामा अकलूजला गेला आणि दूध संघात लागला. तिचे वडील त्याच्या बरेच आधी, ती परकरात असताना वारले होते. आमच्यात माणसाला जाळत नाहीत. मांडी घालून, हातात त्याचे लिंग देऊन जमिनीत बसवतात आणि वर समाधी बांधतात. जळालेल्याची राख नदी नेते. बसवलेला माणूस जागेवर असतो. अव्वा वडिलांबद्दल बोलताना नेहमी वर्तमानकाळ वापरी. बा तिथे बसलाय, असे म्हणे.

बुडालेल्या शेताच्या बदल्यात काठावर उंचावर एक जमीन मिळाली होती. मामाने ती बहिणीच्या नावाने करून दिली. चुनखडीची, हलकी, उताराची जमीन. ज्वारीही धड येईना. अप्पांनी माती बोटांत चुरडून बघितली आणि काळ्या द्राक्षांची रोपे लावायचे ठरवले. त्या वेळी अव्वाने अट घातली. भाकरी थापत होती, हात थांबवले नाहीत.

‘‘जमीन घ्या. पर गावावरनं होडी न्यायची न्हाय. माझा बा बसलाय तितं.’’

‘‘नाही नेणार,’’ अप्पा म्हणाले.

त्यांनी शब्द पाळला. हे मी साक्षीदार म्हणून लिहिते. उन्हाळ्यात पाणी उतरले की बुडालेल्या गावातल्या महादेवाच्या देवळाचे शिखर वर येई. अप्पांनी त्या शिखरावरून अंदाज बांधला, गावाचा पसारा मनाशी आखला आणि तेवढे पाणी कायमचे सोडून दिले. वारा कितीही चांगला असो, ते लांबून वळसा घालत. बरोबर पाहुणे असले आणि त्यांनी कारण विचारले की सांगत, ‘‘तिकडे सासुरवाडी आहे.’’ बोट बांधायची जागासुद्धा त्यांनी मुद्दाम गावापासून दूर निवडली. उन्हाळ्यातला पश्चिमेचा वारा बोटीचा नांगर ओढून नेई, म्हणून तळाला काहीतरी पक्के हवे होते. मासेमारी करणाऱ्या नामदेवने चार-पाच ठिकाणी बुड्या मारल्या आणि एका ठिकाणी वर येऊन सांगितले, खाली दगडी बांधकाम हाय, घट्ट हाय, एखाद्या विहिरीचा कठडा असंल. गढूळ पाण्यात हाताला लागले तेवढेच त्याने सांगितले. त्याने तिथे लोखंडी साखळी गुंडाळली. साखळीचे दुसरे टोक वर तरंगणाऱ्या निळ्या पिंपाला बांधले आणि पिंपाला बोट. त्यानंतर कुठल्याही वादळात बोट हलली नाही. अप्पा कौतुकाने सांगत, त्या काळचे बांधकाम बघा.

मी तेव्हा शाळेत होते. रविवारी अप्पांबरोबर जाई. अव्वा एका फडक्यात भाकऱ्या बांधून देई, माझ्या पुरत्या आणि अप्पांच्या पुरत्या, पण स्वतः काठावर कधी आली नाही. मळ्यातही आली नाही. टेंभुर्णीच्या चौकात एसटी आणि उसाचे ट्रॅक्टर, गाण्यांचे कर्णे, हॉटेलातली भजी, आणि तिथून थोड्या अंतरावर एकदम काही आवाज नाही. शीड वर चढवले की सुरुवातीला ते फडफडे. मग वारा भरला की गप्प होई आणि बोट एका कुशीवर कलून पुढे जाऊ लागे. अप्पा घरी कमी बोलत. बोटीत त्याहून कमी. पण घरात त्यांचे खांदे नेहमी वर ओढलेले असत आणि सुकाणू हातात आले की खाली येत. एवढे मला त्या वयातही दिसले होते.

वाइनचे मात्र जमत नव्हते. विकत आणलेल्या द्राक्षांची वाइन पातळ आणि आंबट होई. पुण्याचे व्यापारी एक घोट घेऊन हवापाण्यावर बोलू लागत. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, आत थंड करायच्या टाक्या, आणि सगळे त्या उतारावरच्या झाडांच्या वाढीवर टेकलेले. झाडांनी काही वर्षे घेतली. मग एका हंगामात पहिला खरा माल आला. घड लहान, साल जाड, रस काळपट. टाक्यांमध्ये तो आंबायला लागला तेव्हा शेडमध्ये ताकाचा, जांभळाचा आणि ओल्या दगडाचा असा मिळून वास सुटला होता. अप्पांनी पहिल्यांदा चव घेतली तेव्हा ते बराच वेळ थुंकले नाहीत. मला वाटले गिळणार. मग थुंकले आणि म्हणाले, ‘‘ही आपली जमीन बोलली.’’ ते असली वाक्ये बोलणारे गृहस्थ नव्हते.

त्या आनंदात त्यांनी मोजक्या व्यापाऱ्यांना काठावर जेवायला बोलावले. हुरडा, भरली वांगी, धपाटे. मग सगळ्यांना आळीपाळीने बोटीतून फिरवले. परत येऊन बोट पिंपाला बांधली, पहिली बाटली उघडली आणि कोणाला ओतायच्या आधी त्यांनी अर्धी बाटली पाण्यात सोडली. मुंबईत त्यांनी तसे बघितले होते. समुद्राला आधी द्यायचे. लाल रंग थोडा पसरला आणि गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांनी हे नंतरही, दर हंगामाच्या पहिल्या बाटलीला केले. नेहमी त्याच जागी, कारण बोट तिथेच बांधलेली असे.

पुढे लागोपाठ पाऊस कमी झाला. धरण भरले नाही, आणि दुसऱ्या उन्हाळ्यात पाणी इतके उतरले की मच्छीमारांनी होड्या उपड्या करून ठेवल्या. देवळाचे शिखर, मग सभामंडप, मग घरांची जोती उघडी पडली. उठून गेलेली माणसे गाव बघायला येऊ लागली. टेंभुर्णीवरून टमटम भरून येत. कोणी आपल्या उंबऱ्यावर नारळ फोडी, कोणी फोटो काढी. अकलूजहून मामा आला आणि अव्वाला म्हणाला, चल अक्का, या बारीला बा दिसंल. ती तयार झाली. नवे लुगडे नेसली, फुले घेतली, विभूती घेतली. गाडीत मामा अप्पांची चेष्टा करत होता. ‘‘दाजी, हितं म्हशीला घोटभर पाणी न्हाय आन तुमाला समिंदर पायजे व्हय?’’ अप्पाही हसत होते. ती माझ्या आठवणीतली त्या घराची शेवटची हसरी सहल, असे लिहायचा मोह होतो. पण अव्वा त्या वेळीही हसत नव्हती.

काठावर पोचल्यावर सगळे देवळाच्या बाजूला निघाले. अव्वा निघाली नाही. ती उजवीकडे वळली. चिखल वरून वाळून भेगाळला होता, खाली मऊ होता. तिच्या पायातली चप्पल रुतली, ती तिने तशीच सोडली. अप्पा मागून म्हणाले, गाव इकडे आहे. तिने वळून न बघता सांगितले, गावाला कशाला जायचं, आमचं शेत हिकडं हाय. बाला शेतात बसवलाय.

अप्पा थांबले. मी त्यांच्या शेजारी होते. सोलापुरात आमच्या लोकांची रुद्रभूमी, म्हणजे माणसांना बसवायची जागा, एकच. अप्पांचे आजोबा, वडील, सगळे तिथे. गावातही तशीच एखादी जागा असेल, देवळाच्या आसपास असेल, असे त्यांनी धरून चालले होते. खेड्यात आपापल्या शेतात बसवतात हे कोणत्याही लिंगायताला माहीत असते. त्यांनाही होते. ते त्यांच्या मनात आले नाही. सासरे त्यांनी पाहिले नव्हते. त्या गावात ते एकदाच गेले होते, मुलगी बघायला, आणि तेव्हा त्यांनी फक्त घर बघितले होते.

पुढे त्यांची बोट चिखलात आडवी पडलेली होती. जवळ निळे पिंप. पिंपापासून गंजलेली साखळी सरळ जाऊन एका दगडी चौथऱ्याला तीन वेढे घालून अडकली होती. अव्वा चौथऱ्यापाशी पोचली. वाऱ्यात वर्षानुवर्षे ओढ बसून एक बाजू उचकटली होती. वरचे दगडी लिंग कलंडून साखळीत अडकले होते. ती खाली बसली. हाताने चिखल काढू लागली. मामा धावत आला आणि उभा राहिला. मग तिने साखळीची कडी हातात धरली आणि विचारले,

‘‘ही कुणाची?’’

‘‘माझी,’’ अप्पा म्हणाले.

मामा त्यांच्या अंगावर जाईल असे मला वाटले. तो गेला नाही. अव्वाने साखळी सोडवायला सुरुवात केली. अप्पा मदतीला वाकले तेव्हा तिने हाताने त्यांना थांबवले. मामाने आणि मी साखळी काढली. लिंग सरळ करता येईना, तेव्हा तिने ते लुगड्याच्या पदरात घेतले. गाडीकडे परत येताना ती एकच वाक्य बोलली, तेही अप्पांना नाही, रस्त्याला. ‘‘नामदेवला इचारलं, वाऱ्याला इचारलं. मला इचारलं असतं तर मी दावलं असतं.’’

अप्पांनी पाण्यात सोडलेल्या वाइनबद्दल तिला कधी कळले का, हे मला माहीत नाही. मी सांगितले नाही आणि अप्पांनी सांगितले असेल असे वाटत नाही.

मठातल्या स्वामींनी तोडगा दिला. समाधी हलली आहे, पाणी पुन्हा चढणार आहे, तेव्हा माणसाला तिथून उचलून आपल्या जमिनीत बसवा. आपली जमीन एकच होती. अव्वा म्हणाली, दारूच्या बागंत माझा बा बसायचा न्हाय. घरात यावर भांडण झाले नाही. भांडण झाले असते तर बरे झाले असते असे आता वाटते. अप्पा रोज सकाळी मळ्यात जात, संध्याकाळी परत येत आणि जेवत. अव्वा वाढे. एकदा त्यांनी, बाग ठेवून कोपऱ्यात जागा करता येईल का, एवढे विचारले. ती ताटात चटणी वाढून आत गेली. मी बारावीच्या पुस्तकात तोंड घालून बसले होते. मामाने निरोप पाठवला की पाऊस यायच्या आत काय ते करा.

अप्पांनी झाडे काढायची ठरवली. टँकरने पाणी घालून जगवलेली झाडे, नुकतीच छाटलेली, कोवळी पालवी फुटत होती. गडी घेऊन त्यांनी तारा सोडवल्या, खांब उपटले, मग खोडांना दोर बांधून ट्रॅक्टरने ओढली. मुळे खोल गेली होती, चुनखडीत धरून बसली होती. ट्रॅक्टरची पुढची चाके उचलली जात. टेंभुर्णीचा ट्रॅक्टरवाला सारखा म्हणत होता, साहेब, उभं पीक हाय की, कशापायी? अप्पा त्याला बाजूला चहा पाजत आणि परत कामाला लावत. शेवटच्या ओळीपर्यंत ते उभे होते. खोडांचा ढीग त्यांनी जाळू दिला नाही. सरपण म्हणून आसपासच्या लोकांनी नेला.

मग उजनीच्या चिखलात समाधी खणली. स्वामी, मामा, आम्ही तिघे आणि दोन गडी. खणत खणत खूप खाली गेले. काही नव्हते. हाड नाही, हातात दिलेले लिंग नाही. इतकी वर्षे पाण्यात राहून सगळे एक झाले होते. काळा, मऊ, वास नसलेला गाळ. स्वामींनी सांगितले, हीच माती घ्या, हाच तो. नव्या मडक्यात माती भरली. अव्वाने मडके मांडीवर धरले आणि ट्रॉलीत बसली. उपटलेल्या बागेच्या मधोमध खड्डा तयार होता. मंत्र झाले, विभूती, बेल. वरती कलंडलेले लिंग सरळ बसवले. अप्पा मागे उभे होते, डोक्याला टॉवेल गुंडाळून. स्वामींनी त्यांना फुले वाहायला बोलावले तेव्हा त्यांनी अव्वाकडे बघितले. तिने बघितले नाही. त्यांनी फुले वाहिली.

आधीच्या हंगामाची वाइन टाक्यांत होती. ती बाटल्यांत गेली आणि पुण्या-मुंबईत फार गाजली. व्यापाऱ्यांच्या गाड्या सोलापूरला आमच्या गल्लीत येऊन उभ्या राहत. आणखी हवी म्हणत. अप्पा त्यांना सरबत देत आणि सांगत, ती जमीन आता नाही. विकतच्या द्राक्षांवर त्यांनी आणखी काही हंगाम काढले. मग शेड भाड्याने दिली, त्यात कोणीतरी बेदाणा साठवू लागले. पावसाळ्यात धरण भरले तेव्हा बोट पाण्यावर आली आणि वाहून गेली. तिला बांधलेच नव्हते. मच्छीमारांनी ती पकडून आणली, पण अप्पा घ्यायला गेले नाहीत. काठावरच्या एका हॉटेलवाल्याने तिला रंग देऊन दारात ठेवल्याचे पुढे कोणी सांगितले. खरे-खोटे मी बघितले नाही.

ते दोघे त्यानंतरही एकाच घरात राहिले, म्हातारे झाले. ती वेळेवर वाढे, ते वेळेवर जेवत. श्रावणात सोमवारी ती समाधीला जाई. अप्पा तिला गाडीने नेत आणि रस्त्यावर गाडीतच बसत. जमिनीत आता ज्वारी होते, तीही बेताचीच. मी पुण्याला वर्तमानपत्रात होते, सुट्टीत येई. दोघांनाही माझ्याशी बोलायला पुष्कळ असे.

गेल्या वर्षी अप्पा अंथरुणाला खिळले. एका दुपारी त्यांनी मला जवळ बोलावले आणि म्हणाले, ‘‘मला टेंभुर्णीला बसवता येईल का, तिच्या वडिलांच्या शेजारी? तू विचार तिला.’’ स्वतः का विचारत नाही, हे मी विचारले नाही. अव्वा स्वयंपाकघरात ज्वारी निवडत होती. मी तिला सांगितले. तिने सूप खाली ठेवले.

‘‘तितं नको,’’ ती म्हणाली. ‘‘तितनं पाणी दिसतंय.’’

मी जाऊन अप्पांना तेच शब्द सांगितले. त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले. काही दिवसांनी ते गेले. त्यांना सोलापुरात, त्यांच्या वडिलांच्या ओळीत बसवले. ज्या दिशेला तोंड करून बसवले आहे, तिकडे एका बंद पडलेल्या चादरीच्या कारखान्याची भिंत आहे.